नसलेल्या मॉडेलचा रंग

१

गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने मृणाली रोह्याहून पेणला उतरली आणि घरी न जाता सरळ माझ्या दुकानात आली. मी एका टीव्हीचं पोट उघडून बसलो होतो. तिने एक कागद माझ्यापुढे धरला.

कंपनीचा मेमो होता तो. ‘आपण कंपनीच्या आगामी रिमोट मॉडेलची माहिती बाहेरच्या व्यक्तींना दिल्याचे दिसून येते. सोमवार, दि. ९ सप्टेंबर १९९६ रोजी सकाळी अकरापर्यंत खुलासा करावा, अन्यथा आपली सेवा समाप्त करण्यात येईल.’ खाली कंपनी चालवणाऱ्या टिपणीस साहेबांची सही, शेजारी कंपनीचा गोल शिक्का.

मी याकूब. पेणच्या बाजारात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. रोह्याजवळ धाटावला निनाद इलेक्ट्रॉनिक्स नावाची कंपनी ‘दर्पण’ टीव्ही बनवते, आणि पेण तालुक्यात त्या टीव्हीची नाडी बघणारा अधिकृत वैद्य मीच. मृणालीला तिथे टायपिस्ट म्हणून चिकटवली तीही मीच. तिचा बाप जगन धरमतरच्या जेट्टीवर बार्ज रिकामे करायचा. कंबर धरली तेव्हापासून तो घरी बसून आहे, आणि घर या पोरीच्या पगारावर चालतं. सोमवारी तिचं वर्ष भरत होतं. त्याच दिवशी तिला कायम केल्याचं पत्र मिळायचं होतं.

आता त्याच दिवशी तिला घरी पाठवणार होते. नोकरी गेली तर एक वेळ दुसरी शोधता येते, पण ‘गुपित फोडलं’ असा शेरा बसलेल्या मुलीला धाटावच्या एकाही गेटातून आत घेणार नाहीत. तिथल्या कंपन्या एकमेकींना फोन करून विचारतात. हे तिलाही ठाऊक होतं.

“तू बोललीस का कुणाकडं?” मी विचारलं.

“नाय, चाचा.”

“मग खरंच नवीन मॉडेल येतंय?”

तिने मान खाली घातली. “फाईलमधलं मी सांगणार नाय. तुम्हालाही नाय.”

मला तिचा रागही आला आणि कौतुकही वाटलं. बुडणाऱ्याने काडी धरावी, तर ही म्हणते काडी कंपनीच्या मालकीची आहे.

२

झालं होतं ते असं. जुलैत कंपनीने सगळ्या दुकानदारांना पत्र पाठवलं होतं. रिमोटवर चालणारा दर्पण येणार अशी चर्चा निराधार आहे, सध्याच्या बटणवाल्या सेटमध्ये कसलाही बदल होणार नाही, दिवाळीची मागणी निर्धास्तपणे नोंदवावी. पत्र मृणालीनेच टाइप केलं होतं. दुकानदारांनी मागण्या नोंदवल्या. आणि ऑगस्ट संपता संपता पेणमध्ये बोभाटा झाला की रिमोटवाला येतोय. चार दुकानदारांनी मागण्या मागे घेतल्या. नवीन मॉडेलची फाईल ऑफिसात तिघांच्याच हाताखालून जायची: टिपणीस साहेब, विक्री बघणारे हितेशभाई आणि मृणाली. कपाटाची किल्ली मात्र स्टोअर सांभाळणाऱ्या दिनानाथांकडे असे. चौघांत जिच्या पाठीशी कोणी नाही ती कोण, हे हुडकायला कंपनीला फार वेळ लागला नाही.

शुक्रवारी सकाळी रोह्याची गाडी धरण्याआधी मी निकेशच्या दुकानात डोकावलो. मागणी पहिल्यांदा त्यानेच मागे घेतली होती. निकेश माणूस वाईट नाही, पण कळलेली गोष्ट त्याच्या पोटात टिकत नाही. मी चहा मागवला आणि नवीन सेटबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नसल्याची कुरकुर केली. तेवढं पुरलं.

“दसऱ्याला येतोय, याकूबभाय,” तो म्हणाला. “समोर एकपण बटण नाय. आणि रंग पांढरा.”

“पांढरा?”

“सफेत. असा टीव्ही कोणाकडं हाय का सांगा.”

हे कोणी सांगितलं, असं विचारल्यावर तो एकदम गिऱ्हाइकाकडे वळला. बाजारात ऐकलं म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, एवढं मी ध्यानात ठेवलं.

३

धाटावच्या ऑफिसात मी महिन्यातून दोनदा सुटे भाग आणायला जातो, त्यामुळे माझ्या येण्याचं कुणाला नवल वाटलं नाही. आधी दिनानाथांकडे गेलो. त्यांची भाची प्रतिक्षा टायपिस्टच्या जागेसाठी मृणालीबरोबरच मुलाखतीला बसली होती आणि मागे पडली होती, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. मी तसं हळूच काढलं. दिनानाथ चिडले नाहीत. प्रतिक्षाला मार्चमध्येच अलिबागला नोकरी लागली, तिथे ती खूश आहे, आणि कपाटाची किल्ली आपल्याकडे असली तरी फाईल इंग्रजीत असते व आपलं इंग्रजी नावांपुरतं आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पोरीसाठी जीव तुटतो म्हणाले, पण साहेबांपुढे तोंड उघडायची त्यांची तयारी नव्हती.

हितेशभाईंचा तर प्रश्नच नव्हता. जुने सेट खपले तरच त्यांना दिवाळीचं बक्षीस मिळणार. स्वतःच्या ताटात माती कोण कालवेल? पण मृणालीवर त्यांचा फार राग होता. मी त्यांना सांगितलं की जगनने तीनच आठवड्यांपूर्वी बटणवाला दर्पण घेतला, अँटेना मीच त्याच्या कौलावर चढून बसवली. घ्यायच्या आधी त्याने पोरीला विचारलं होतं, आणि पोरगी म्हणाली होती, घ्या बाबा, नवीन काही येत नाय. बाहेरच्यांना गुपित विकणारी मुलगी स्वतःच्या बापाला जुना सेट घेऊ देईल का?

हितेशभाई हसले. “पांघरूण घेतलं असेल. आपल्याच घरात जुना सेट घेतला की संशय कोण घेणार?”

मी आणलेला सगळ्यात खणखणीत पुरावा त्यांनी एका वाक्यात उलटा केला होता. आणि दारापलीकडून मृणालीच्या टाइपरायटरचा आवाज येत होता. मेमो हातात पडल्यावरही ती कंपनीची पत्रं टाइप करत होती.

४

टिपणीस साहेबांच्या खोलीत बसायला मला खुर्ची मिळाली, उत्तर मिळेना.

“नवीन मॉडेल नाहीच,” ते म्हणाले.

“मग पोरीने फोडलं काय?”

“त्याबद्दल मी बोलू शकत नाही.”

बरं, म्हटलं, माणूस खोटं का बोलतोय ते तरी समजून घेऊ. मी म्हणालो, साहेब, मी दुकानदार नाही, मी मेकॅनिक आहे, नवीन आलं काय नि जुनं राहिलं काय, मला दोन्ही उघडावीच लागणार. तेव्हा ते थोडे सैल झाले. मॉडेलचं नाव न घेता त्यांनी मला कंपन्यांचं दुखणं सांगितलं. गोदामात तयार सेट पडलेले असतात. उद्या नवीन येतंय असं तोंडातून निघालं की आजपासून जुन्याला कुणी हात लावत नाही. जुनं खपलं नाही तर नवीन काढायला पैसा कुठला? आणि नवीन निघेल याची तरी खात्री काय? आतला एखादा बारीक भाग सिंगापूरहून यायचा असतो, तो अडकला की सहा महिने गेले. तोवर लोक जुनं घेत नाहीत आणि नवीन मिळत नाही. मधल्या मध्ये कंपनी मरते. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत नाही म्हणायचं.

“आणि तुमच्या नाहीवर विश्वास ठेवून ज्यांनी जुनं घेतलं ते?” मी विचारलं.

साहेबांनी टेबलावरचा हिशेबाचा कागद पालथा केला. माणूस निगरगट्ट नव्हता. दिवाळीत शंभर कामगारांचा पगार कसा करायचा, या काळजीने त्यांची झोप उडाली होती, ते डोळ्यांवरून कळत होतं. पण त्या काळजीखाली एक पोरगी चिरडली जात होती आणि मला ती दिसत होती.

“साहेब,” मी म्हणालो, “मॉडेल नाही हे कबूल. पण जे नाही, त्याचा रंग कोणता?”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी हललो नाही.

“नसलेलं मॉडेल काळं आहे,” ते अखेर म्हणाले.

“आणि ते दसऱ्याला येणार नाही ना?”

“नाही. ते पाडव्याला येणार नाही. गुढीपाडव्याला.”

“फाईलमध्ये कुठे पांढरा रंग? दसरा?”

“कुठेही नाही,” ते म्हणाले, आणि ‘दसरा’ या शब्दाला मात्र त्यांची नजर पळाली. मी विचारणार तोच त्यांनी फोन उचलला आणि मला जायची खूण केली.

५

गाडीत मला स्वस्थता नव्हती. फाईल वाचून कोणी फोडलं असतं तर बाजारात बातमी आली असती काळ्या सेटची आणि पाडव्याची. निकेशकडे होतं पांढरं आणि दसरा. म्हणजे निकेशला कळलेलं फाईलमधून आलेलंच नव्हतं. एवढं पक्कं. पण हे सांगून हितेशभाईंचं तोंड बंद होणार नव्हतं. ते म्हणाले असते, पोरीने मुद्दाम दोन गोष्टी बदलून सांगितल्या. मला ती पांढरी वस्तू हवी होती, आणि हातात दोनच दिवस होते.

घरी बायकोला, हमिदाला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं. “पांढरा टीव्ही कोण काढेल? बोटं लागून आठ दिवसांत मळेल. रंग द्यायचा राहिलाय त्याला, दुसरं काय.”

मी जेवता जेवता थांबलो. आयुष्यभर पेणमध्ये राहून हे मला सुचू नये याची लाज वाटली. आमच्या गावात वर्षभर ज्या वस्तू आधी पांढऱ्या असतात आणि मग रंगतात, त्या टेम्पो भरभरून दारावरून जातात. पेणमध्ये रंग न दिलेलं पांढरं म्हणजे गणपतीचं प्लास्टर. निकेशने टीव्ही पाहिलाच नव्हता, त्याने प्लास्टरचा टीव्ही पाहिला होता. आणि निकेश प्लास्टर बघायला जातो कुठे, हे विचारायला लांब जायला नको होतं. त्याच्या घरचा आणि सासरचा, दोन्ही गणपती मूर्तिकार गुणाजीकडे होतात.

शनिवारी दुपारी मी गुणाजीच्या कारखान्यात गेलो. चतुर्थीला नऊ दिवस राहिलेले, पाय ठेवायला जागा नव्हती. गुणाजी एका मूर्तीचे डोळे लिहीत होता. डोळे लिहिताना तो बोलत नाही, त्यामुळे मी उभा राहिलो. दुसरा डोळा पुरा झाल्यावर त्याने कुंचला खाली ठेवला.

मी विचारलं, निनाद कंपनीचं काही काम आहे का तुझ्याकडे? तो म्हणाला, नाय. साहेबांसारखा हाही नाहीच म्हणतोय. मला हसू आलं आणि रडूही. पुढच्या वर्षाचा नवा साचा गुणाजी विसर्जन होईपर्यंत कुणाला दाखवत नाही. नवा बघितला की यंदाची मूर्ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यात भरत नाही, असं तो सांगतो. म्हणजे टिपणीस साहेबांनी माणूस बरोबर निवडला होता.

मी त्याला मृणालीचं सांगितलं. जगनची पोर म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. तो उठला आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेला.

तिथे भिंतीला लागून फळ्या होत्या, गावागावाच्या. वडखळची एक, नागोठण्याची एक, रोह्याची एक. टेम्पो गावागणिक भरायचा असतो, म्हणून गुणाजी माल गावागणिकच लावतो. प्रत्येक मूर्तीला समोर चिठ्ठी: नाव, गाव, न्यायचा दिवस. सासरच्या किंवा नात्यातल्या मूर्तीची चौकशी करायला आलेला माणूस त्या गावच्या फळीपुढे उभा राहतो आणि चिठ्ठ्या वाचत जातो. रोह्याच्या फळीवर सगळे गणपती रंगलेले होते. टोकाला फडक्याखाली काहीतरी रुंद, चौकोनी होतं. फडक्यावर टाचणीने लावलेली चिठ्ठी मी वाचली. ‘निनाद टीव्ही कंपनी, रोहा. दसरा.’

फडकं उचललं. पांढराशुभ्र प्लास्टरचा टीव्ही. खऱ्याएवढाच. समोर एकही बटण नाही.

“अरे गुणाजी, लपवायची वस्तू, आणि तिला नाव लावलंस?”

“मग काय करू?” तो खरोखर गोंधळून म्हणाला. “बिनचिठ्ठीचा माल म्हंजे मोकळा माल. पुतळीनं कुणाला तरी देऊन टाकला असता. दाखवला मी कोणाला नाय. फडका टाकलाय ना वर.”

त्याची बायको पुतळी मागे येऊन उभी होती. तिने सांगितलं की निकेश ऑगस्टात आपल्या रोह्याच्या सासऱ्यांचा गणपती बघायला आला होता आणि या फळीपुढे बराच वेळ रेंगाळला होता. फडकं वाकडं झालेलं तिनेच नंतर नीट केलं.

६

सोमवारी सकाळी पावणेअकराला आम्ही टिपणीस साहेबांच्या खोलीत होतो. साहेब, हितेशभाई, मृणाली आणि मी. रविवारी निकेशने माझ्यापुढे सगळं कबूल केलं होतं, पण कंपनीपुढे यायला तो धजला नाही. त्याची मला गरजही उरली नव्हती.

मी सांगायला सुरुवात केली. फाईलमध्ये काळा, बाजारात पांढरा. फाईलमध्ये पाडवा, बाजारात दसरा. पांढरं असतं ते रंग द्यायच्या आधीचं प्लास्टर. दसरा हा टीव्ही येण्याचा दिवस नव्हेच, तो गुणाजीने नमुना पुरा करून द्यायचा दिवस, कारण गणपती उरकल्याशिवाय त्याला सवड नाही. निकेशने चिठ्ठी वाचली, फडकं उचललं, बटणं नाहीत म्हणजे रिमोट असं ताडलं, आणि नमुना न्यायच्या दिवसाला टीव्ही येण्याचा दिवस समजला. मृणालीला या नमुन्याचा पत्ताच नव्हता. हितेशभाईंनाही नव्हता.

“मग कुणाला होता?” हितेशभाईंनी विचारलं.

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. नव्या सेटचं रूप कसं दिसेल ते बघायला खऱ्याएवढा नमुना हवा होता, तो मुंबईत करायला दिला असता तर दुसऱ्याच दिवशी इतर कंपन्यांना कळलं असतं, म्हणून आपण एकटेच गाडी घेऊन पेणला गेलो, कुणालाही न सांगता, असं ते हळू आवाजात म्हणाले. गुपित ऑफिसातून बाहेर नेणारा माणूस चौघांत एकच होता, आणि त्यानेच मेमोवर सही केली होती.

गुणाजीचं काम काढून घेऊ नका, मी म्हणालो, त्याने शब्द पाळला, फक्त आपल्या रीतीने पाळला. साहेबांनी मान हलवली. मग ते मृणालीकडे वळले. “तुझी चूक नाही. जा, कामाला लाग.”

मी उठलो. मृणाली मात्र जागची हलली नाही.

“तसं लिहून द्या, सर.”

“लिहून देता येणार नाही. नवीन मॉडेलची माहिती तू दिली नाहीस असं लिहिलं, की नवीन मॉडेल आहे असं होतं. पाडव्यापर्यंत थांब.”

“आणि तोवर मेमो माझ्या फाईलला?”

साहेबांनी चष्मा परत चढवला. पांढरा टीव्ही शोधून काढला, चिठ्ठी शोधून काढली, आणि पोर जिथे होती तिथेच राहिली. मी तोंड उघडणार होतो, पण तिने पर्समधून कागद काढला.

“सर, यात ‘कंपनीचे आगामी रिमोट मॉडेल’ असं लिहिलंय. खाली तुमची सही हाय, शिक्का हाय. दुकानदारांना आपण लिहिलं, मॉडेल नाय. मला लिहिलं, हाय. मी हा कागद चाचांशिवाय कोणाला दाखवला नाय. बाबांनापण नाय.”

हितेशभाईंनी उठून दार लावलं. ज्या गोष्टीला कंपनी दोन महिने नाही म्हणत होती, ती कंपनीच्याच सही-शिक्क्यानिशी या पोरीच्या पर्समध्ये चार दिवस पडून होती. पेणच्या कुठल्याही दुकानदारापुढे ठेवली असती तर सोन्याच्या भावाने गेली असती.

साहेबांनी हात पुढे केला. तिने कागद दिला नाही.

“मला आज कायमचं पत्र मिळायचं होतं,” ती म्हणाली. धमकी देत नव्हती ती. नुसती आठवण करून देत होती, आणि म्हणूनच नाही म्हणणं अवघड होतं.

“टाइप करून आण,” साहेब म्हणाले. “आणि मेमोची ऑफिसातली प्रतही घेऊन ये.”

आम्ही तिघं बसून टाइपरायटर ऐकत राहिलो. एकदाही अडखळला नाही. ती आत आली, साहेबांनी प्रत फाडून टोपलीत टाकली आणि पत्रावर सही केली. मृणालीने पत्र उचलून पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचलं, आणि परत त्यांच्यापुढे ठेवलं.

“सहीखाली तारीख राहिली, सर.”

त्यांनी तारीख घातली. तेव्हा तिने मेमो टेबलावर ठेवला.